पाचव्याच्या विरोधात

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर, मंडळाचे चिटणीस, सर्व सभासद, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. इतकी वर्षं मी या हॉलमध्ये येते आहे, पण बहुतेकांनी माझा आवाज आज पहिल्यांदा ऐकला असेल. माझी जागा मागच्या दाराशी, चहाच्या किटलीजवळ. माझी सारी नोकरी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे नमुने तपासायचे, निष्कर्ष लिहायचे आणि तोंड बंद ठेवायचं. खिडकीपलीकडच्या माणसाने कितीही काकुळतीने विचारलं तरी सांगायचं, डॉक्टर सांगतील. त्या कामाने मला गप्प राहायला शिकवलं.

चिटणीस म्हणाले, वहिनी, डॉक्टर परवा मुलीकडे कायमचे राहायला जात आहेत, तुम्ही निरोपाचे दोन शब्द बोलाच. मी घरून ते लिहून आणले होते. कागद पर्समध्ये आहे, आणि तो तिथेच राहू दे. कारण तो लिहिला तेव्हा मगाशी इथे जे झालं ते व्हायचं होतं.

काय झालं? प्रमुख पाहुणे नवीन आहेत, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते.

हे मंडळ एका गायिकेच्या चाहत्यांचं आहे. ती स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली लावते आणि स्वतःच गाते. इथे तिला कोणी नावाने बोलवत नाही. सगळे 'आपली' म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आमचे हे मला म्हणाले, "आज संध्याकाळी आपली ऐकू या." मला वाटलं, ही कोण आपली, आणि आपली असेल तर मला आधी का नाही सांगितलं?

तिचे अल्बम आठ. त्यांतला सर्वांत चांगला कोणता, यावर वर्षातून एकदा इथे वादसभा होते आणि शेवटी हात वर करून मतदान होतं. तिसरा अल्बम म्हणजे मोठा वाद्यवृंद, व्हायोलिनांची रांग. तो डॉक्टरांचा. पाचवा तिने घरातल्या एका खोलीत एकटीने बसून केला. त्यात तिचा श्वास ऐकू येतो, बसल्या खुर्चीची करकर ऐकू येते. तो आमच्या ह्यांचा. वीसएक वर्षं हे दरवर्षी उठून पाचव्यासाठी बोलले आणि दरवर्षी हरले. मागच्या हिवाळ्यात हे गेले.

आणि मगाशी, डॉक्टरांना मानपत्र द्यायच्या आधी, चिटणीसांनी जाहीर केलं की आपल्या दिवंगत मित्राच्या स्मृतीला वंदन म्हणून या वर्षी वादसभा न घेता थेट मतदान घेऊ. डॉक्टर उठले आणि पाचव्याच्या बाजूने फार सुंदर बोलले. सगळ्यांचे हात वर गेले. पाचवा पहिला. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत कोणी डोळेही पुसले. मग एक सभासद म्हणाले, "चला, वाद मिटला एकदाचा."

मला त्या टाळ्यांचा राग आला आहे. शुभप्रसंगी असं बोलू नये हे मला कळतं. पण राग आला आहे, आणि तो मी घरी घेऊन जाणार नाही. घरी आता तो कोणावर काढू?

मिटला म्हणजे काय हो? हा वाद कसा सुरू झाला ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? आमचं चष्म्याचं दुकान होतं. डॉक्टर दाताचे, दवाखाना समोरच. ते एकदा डोळे तपासायला आले, तेव्हा दुकानात पाचवा लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, "आधी ही खुर्ची करकरणं बंद करा, अक्षरं वाचता येत नाहीत." हे म्हणाले, "मग चष्मा दुसरीकडे करा." डॉक्टर तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी हातात तिसरा अल्बम घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशीही आले. असं हे मंडळ निघालं. मानपत्रात लिहिलंय, समविचारी रसिकांनी स्थापन केलेलं. समविचारी म्हणे.

पुढे यांची दाढ दुखली. डॉक्टरांनी यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, आणि तिसऱ्या अल्बमवर व्याख्यान दिलं. हे नुसते हातवारे करत होते. घरी आले ते गाल सुजलेला घेऊन, आणि बोलायची मनाई असताना कापूस काढून मला म्हणाले, "तोंड भरून ठेवून वाद जिंकणारा माणूस आहे हा." सहा महिन्यांनी ह्यांनी उट्टं काढलं. तपासणीच्या फ्रेममध्ये मुद्दाम चुकीची काच घातली आणि विचारलं, "कसं दिसतंय?" डॉक्टर म्हणाले, "सगळं धुरकट." हे म्हणाले, "बरोबर. तसंच ऐकू येतं तुम्हाला."

हसा, हसायला हरकत नाही. मीही तेव्हा हसले होते.

खुर्ची कितीदा करकरते यावरही भांडण. हे म्हणत, शेवटच्या गाण्यात तीनदा, तिसरी वेळ अगदी शेवटच्या ओळीनंतर, कान देऊन ऐकलं तरच. डॉक्टर म्हणत, दोनदाच, तिसरा आवाज शेजारच्या दाराचा. यावरून आमच्याकडे जेवणं थंड झाली आहेत. मी ताटं झाकून ठेवायची आणि मनात म्हणायची, एका खुर्चीपायी दोन माणसं उपाशी.

आणि आता या खुर्चीकडे बघा. ही, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. नव्या मंडळींना वाटलं असेल, कोणी चुकून ठेवली. ती उलटी खुर्ची आहे. एका वर्षी सातव्या अल्बमला कोणी वाली नव्हता. सगळे म्हणाले, टाकाऊ, पुढे चला. हे उठले, एक खुर्ची उलटी फिरवली, तिच्या पाठीवर हात टेकून बसले आणि सातव्याच्या बाजूने तासभर बोलले. घरी येताना मी विचारलं, "तुम्हाला तर सातवा मुळीच आवडत नाही ना?" म्हणाले, "आवडत नाहीच. तो लावला तर भाडेकरू पळतील. पण ज्याच्यासाठी कोणी भांडलं नाही त्याचा निकाल लावायचा नसतो." त्यावरून नियम झाला. सगळ्यांचं एकमत होत असेल तर कोणीतरी त्या खुर्चीत बसून उलट बोललंच पाहिजे. खोलीतला कोणीही चालेल. तोवर मतदान नाही.

आज खुर्ची ठेवलीत, तिच्यावरची धूळही पुसलीत, आणि तिच्यात कोणालाही न बसवता मतदान उरकलंत. उलट हार तिच्या पाठीवर घातलात. चिटणीस, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचा हेतू चांगला होता. हेतू चांगला होता म्हणूनच मला बोलणं अवघड जातंय.

डॉक्टर, आता तुमच्याविषयी बोलते. सत्कारमूर्तींविषयी चांगलं बोलायची रीत आहे, आणि तुमच्याविषयी चांगलं पुष्कळ आहे. ह्यांच्या आजारपणात तुम्ही दवाखाना बंद ठेवून इस्पितळात येत होता. मला घरी पाठवून स्टुलावर बसून राहत होता. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुसरीही एक गोष्ट विसरणार नाही.

ह्यांचा रिपोर्ट मी कोणाच्याही आधी वाचला होता. तपासणी आमच्याच प्रयोगशाळेत झाली होती. मी ठरवलं, ह्यांना कळू द्यायचं नाही. आमच्या मुलीलाही बजावलं. रोज वॉर्डच्या दाराशी थांबून चेहरा ठीक करायचा आणि मग आत जायचं. हे विचारायचे, रिपोर्ट काय म्हणतो? मी म्हणायची, ठीक आहे, वेळ लागेल. आयुष्यभर खिडकीपलीकडच्या माणसांना जे सांगितलं नाही ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. माझा चेहरा एकदाही फितूर झाला नाही.

त्या दुपारी तुम्ही संत्रं सोलत होतात. ह्यांना बोलवत नव्हतं, तरी ह्यांनी काडी टाकलीच. म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या तिसऱ्यात व्हायोलिनं इतकी आहेत, की आपली कुठे हरवली ते शोधायला पोलीस पाठवावे लागतील." तुमचं उत्तर ठरलेलं होतं. हजारदा ऐकलं होतं मी ते. तुम्ही म्हणायचं, आणि तुमच्या पाचव्यात आपली गप्प बसते, खुर्चीच गाते. हे ते ऐकायला उशीवर थोडे वर सरकलेसुद्धा.

तुम्ही म्हणालात, "नाही हो. तुमचंच बरोबर आहे. पाचवाच सगळ्यांत चांगला."

ह्यांनी माझ्याकडे हात केला, चष्मा मागितला. चष्मा लावून तुमच्याकडे बघितलं. बराच वेळ. तुम्ही संत्र्याच्या शिरा काढत होतात, तुमच्या ध्यानात आलं नाही. तुम्ही गेल्यावर ह्यांनी विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतो गं?" मी म्हटलं, "ठीक आहे." हे म्हणाले, "डॉक्टर हो म्हणाला. आता तू नाही सांगितलंस तरी चालेल."

एवढंच. भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर त्यांनी पाचवा लावायला सांगितला नाही. मी एकदा विचारलं, लावू का? म्हणाले, "नको. आता त्यात काही उरलं नाही."

डॉक्टर, मी तेव्हा तुम्हाला काही बोलले नाही. तुम्ही रडवेले होऊन जिना उतरलात आणि मी तुम्हाला छत्री दिली. पण आज तुम्ही तेच पुन्हा केलंत, आणि या वेळी साऱ्या हॉलला बरोबर घेऊन. जिवंतपणी त्यांना एकही मत पडलं नाही, ते त्यांना चाललं. लहान मुलाशी खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात. तसं तुम्ही त्यांच्याशी हरलात. ते लहान मूल होते का? दया आली की माणूस हो ला हो करतो. वीस वर्षं ज्यांनी समोरून वार झेलले, त्यांच्या पाठीवरून आज सगळ्यांनी हात फिरवला.

तर अध्यक्षबाई, आपली परवानगी गृहीत धरून मी हा हार बाजूला ठेवते आणि या खुर्चीत बसते. माइक जरा खाली करा. हं.

मी पाचव्याच्या विरोधात बोलते आहे.

मला पाचवा आवडत नाही. कधीच आवडला नाही. नवऱ्याला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही असं समजू नका. सांगितलं असतं तर घरीही रोज वादसभा झाली असती आणि स्वयंपाक कोणी केला असता? पण तो अल्बम मी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकला आहे, भांडी घासत, कपड्यांच्या घड्या घालत. तुम्ही म्हणता, साधा आहे, खरा आहे. मला तो साधेपणा तोऱ्याचा वाटतो. बघा, मी कशी एकटी बसले आहे, माझ्याकडे वाद्यंसुद्धा नाहीत. माणूस खरंच एकटं असतं ना, तेव्हा ते श्वास ऐकू जाईल असा माइकजवळ जाऊन घेत नाही. तोंडावर उशी धरतं. हे मला त्या हिवाळ्यात, हे गेल्यावर समजलं. दुसरं म्हणजे, दु:खाची गाणी ओळीने नऊ. मधे एकही हलकं गाणं नाही. ज्या घरात दुखणं असतं तिथेही दिवसातून एकदा कोणीतरी विनोद करतं. तिला ते माहीत नव्हतं. आणि ती खुर्ची. तिचं एवढं कौतुक, की चुकून आलेला आवाज तिने तसाच राहू दिला. एकदा आला तर चूक. शेवटच्या गाण्यात तीनदा येतो, आणि तिन्ही वेळा ओळ संपल्यावरच. ही चूक नाही. हे ठरवून केलेलं आहे. तीनदा ठरवून करकरणाऱ्या खुर्चीला मी मत देणार नाही.

डॉक्टर, खूश होऊ नका, तुमचा तिसरा म्हणजे सामानाने भरलेलं गोदाम आहे, त्यात पाय ठेवायला जागा नाही. पण आज प्रश्न पाचव्याचा आहे. तुम्हाला तो खरंच सर्वांत चांगला वाटत असेल, तर माझ्याशी भांडा आणि मला हरवा. नसेल वाटत, तर तो हात खाली घ्या. परवा तुम्ही जाणार. मग इथे यांच्याशी भांडलेला एकही माणूस उरणार नाही.

काय म्हणालात? माइकपाशी या, मागच्यांना ऐकू गेलं नाही. राहू दे, मीच सांगते. डॉक्टर म्हणतायत, "वहिनी, दोनदाच. तिसरा आवाज दाराचा आहे."

दाराचा नाही, डॉक्टर. खुर्चीचा आहे. शेवटच्या ओळीनंतर, कान देऊन ऐकलं तर.

चिटणीस, रेकॉर्ड लावायची व्यवस्था करा, आणि मगाचं मतदान रद्द झालं असं लिहून घ्या. अध्यक्षबाई, प्रमुख पाहुणे, आपण वेळ दिलात, आपली आभारी आहे. कार्यक्रम लांबणार, त्याबद्दल मात्र माफी मागते. चहा मागे किटलीत आहे, आज आपापला घ्या, मी इथून उठणार नाही. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर, डॉक्टर, कृपा करून मला क्षमा करू नका. उठा, आणि चूक दाखवा.