वितळलेलं जिनिंगचं नाणं

दि. 14/11/2025

मी, रामप्रसाद विठ्ठलराव उदावंत, वय 61 वर्षे, धंदा सोनारकाम, रा. बाजारगल्ली, कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना. कोणी बोलावलं नसताना ठाण्यात समक्ष हजर होऊन जबाब देतो की,

भुजंग खरात हे माझ्या दुकानात बावीस वर्षांपासून कारागीर आहेत. दि. 10 रोजी सकाळी गावातील अनवरीबी शेख यांनी एक तोळ्याचं सोन्याचं नाणं माझ्या हातात दिलं. नात साजिया हिच्या निकाहात गळ्यात घालण्यासाठी त्याला कडी लावून पाहिजे होती.

त्यांचे मयत पती फकरोद्दीन जालन्यात एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात फिटर होते. 1998 साली कारखान्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा जुन्या कामगारांना एकेक नाणं मिळालं. एका बाजूला कापसाचा प्रेस, दुसऱ्या बाजूला कामगाराचं नाव. तेव्हा तोळा पाच हजारांच्या आत होता आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. पुढं जालना लोखंडी सळयांकडे वळलं, कारखाना बंद पडला, कामगारांना हक्काचं काहीच मिळालं नाही. तोळा लाखावर गेला तरी बाईंनी नाणं मोडलं नाही.

शुद्ध सोन्याला झळ जपून द्यावी लागते. मी मोबाइलवर बोलत कडी लावत होतो. झळ जास्त लागून नाव पुसलं गेलं. मला लाज वाटली. मी नाणं मुशीत टाकून वितळवलं, जालन्याहून तेवढ्याच वजनाचं, फुलाच्या छापाचं तयार नाणं आणलं आणि कडी लावून भुजंग यांच्या हाती पाठवलं. बाईंना मोतीबिंदू आहे, कळणार नाही असं वाटलं. त्यांनी नुसता अंगठा फिरवून ओळखलं.

दि. 12 रोजी त्या दुकानात येऊन म्हणाल्या, "शेठ, हे आमचं न्हाई. ह्यांचं नाव कुठं गेलं?" दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हणालो, "मी बराबर दिल्तं. आणून देणाऱ्याला विचारा."

बाईंनी तक्रार दिली आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी भुजंग यांना ठाण्यात आणून बसवलं. त्यांची पत्नी वंदना दुकानाच्या पायरीशी आली. मी "होईल बराबर" म्हणून शटर ओढलं. रात्रभर मला स्वतःची किळस येत होती. भुजंग यांनी काहीही चोरलेलं नाही. नाणं मी बिघडवलं, खोटं मी बोललो.

आज ठाण्यात त्यांची भेट झाली. माझा हात चुकला तेव्हा ते समोरच कामाला बसलेले होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी विचारलं, "मंग साहेबांना सांगितलं का न्हाईस?"

ते म्हणाले, "तुम्ही येऊन सांगताल म्हून वाट पाहून राह्यलो, शेठ."

हा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात काही कमी-जास्त नाही. सही करत आहे.