दुप्पट लिमिट

तुम्ही मला दोन वर्षं कंजूष म्हणत होता ना, तर ऐका. क्रेडिट कार्डाचं कर्ज एकदाचं फिटलं आणि परवा मी कार्ड बंद करायला बँकेत गेले. हॉटेल बंद, नवे कपडे बंद, कामठीहून रोज शेअर ऑटो, असं फेडलेलं कर्ज.

काउंटरवरचा साहेब म्हणाला, "मॅडम, बंद काहून करता? लिमिट दुप्पट करून देतो ना!"

मी म्हटलं, "भाऊ, कात्री द्या."

त्याच्यासमोरच कार्डाचे चार तुकडे केले. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

माझ्यामागे रांगेत एक काकू उभ्या होत्या. त्यांनी पर्समधून आपलं कार्ड काढलं नि म्हणाल्या, "मी तं लिमिट वाढवाले आली होती. दे वं ती कात्री!"