भास्कररावांनी काशीत चहा सोडला

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही, मनातल्या मनात द्यायचं. आपण देवासाठी म्हणून जे सोडतो ना — ते आपलंच असतं का? की दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो, देवापुढं ठेवतो, आणि वर म्हणतो, "देवा, बघ केवढा माझा त्याग!"

अवघड आहे? असू दे. प्रश्न सोपा असता तर आख्यान कशाला लावलं असतं? वाती वळणाऱ्या भगिनींनो, हात चालू ठेवा, कान फक्त इकडं द्या. आणि ते खांबाला टेकलेले काका — झोपा खुशाल, पण घोरू नका. पेटीवाल्यांचा सूर हलतो!

तर ऐका. मिरजेत एक वकील होते. भास्करराव तगारे. दिवाणी दावे चालवायचे. माणूस सज्जन, व्यवहार चोख, देवाधर्माची आवड. दोष एकच — बोलणं! कोर्टात न्यायाधीश तरी म्हणायचे, "वकीलसाहेब, पुरे." घरी कोण म्हणणार? घरी होत्या मनोरमाबाई. स्वभावानं गरीब गाय. आमटीत मीठ कमी पडलं तर हे उलटतपासणी घ्यायचे — "मीठ घातलं होतं? कधी घातलं? कोणासमक्ष घातलं?" आता काय सांगणार ती बाई? साक्षीदार म्हणून आमटीलाच उभं करणार का?

हसताय? हसा. घरोघरी मातीच्या चुली.

पण सकाळी मात्र दोघं ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसायची. आलं ठेचून घातलेला, थोडा जास्तच गोड असा चहा. एक कप यांना, एक कप तिला. लग्न झाल्यापासूनचा नेम. वकिलांना चहाचं वेड एवढं, की कोर्टाचं समन्स चुकेल, सकाळचा चहा चुकणार नाही.

वकिली आवरली तेव्हा भास्कररावांनी ठरवलं, आता उत्तरेची यात्रा. काशी, प्रयाग, अयोध्या, शेवटी हरिद्वारला आश्रमात मुक्काम. यात्रा कंपनीची बस ठरली. बरोबर लेकीचे, वृंदाचे सासरे, म्हणजे व्याही, नीळकंठरावही निघाले. आणि व्याही म्हटला की मंडळी, तुम्हाला काय सांगायचं? त्यानं काठी घेतली की आपण चांदीच्या मुठीची घ्यायची!

पोचले काशीला. गंगास्नान झालं, विश्वेश्वराचं दर्शन झालं. घाटावर गुरुजी म्हणाले, "काशीला आलात, आता एक आवडती वस्तू सोडायची. जन्मभर पुन्हा शिवायची नाही." आपल्याकडची जुनी रीत आहे ही. गावाकडं परत आलं की पहिला प्रश्न तोच असतो — काय सोडून आलात?

झालं! रांग लागली. एकानं हातावर पाणी घेतलं आणि सोडलं — कारलं! अहो, त्या गृहस्थानं जन्मात कारल्याला तोंड लावलं नव्हतं! एका बाईंनी दुधी सोडला. गुरुजी बिचारे सगळ्यांना "शुभं भवतु" म्हणतायत. त्यांना काय, रोजचंच आहे. पण देवाला कळत नाही का? त्याच्या दारात कारल्यांचा ढीग पडलाय नुसता!

मग आले नीळकंठराव. पाणी घेतलं आणि म्हणाले, "हापूस आंबा सोडला." घाटावर एकदम "वा! वा!" झालं. रत्नागिरीकडचा माणूस आणि हापूस सोडतो म्हणजे काय गंमत आहे?

आता पाळी वकिलांची. त्यांनी घरून ठरवून आणलं होतं, फणस सोडायचा. फणसानं त्यांचं पोट बिघडायचं! पण व्याह्यांची ती "वा वा" कानात गेली आणि फणस घशातच अडकला. छाती पुढं काढली, हातावर पाणी घेतलं, आणि घाट दणाणेल अशा आवाजात म्हणाले — "मी चहा सोडला!"

सगळे आ वासून बघतच राहिले. मागं मनोरमाबाई उभ्या होत्या. त्या फक्त "अहो —" म्हणाल्या. पण पाणी गंगेत पडलं होतं.

गुरुजींनी विचारलं, "बाई, तुम्ही काय सोडता?"

त्या वाहत्या पाण्याकडं बघत म्हणाल्या, "माझं आता काही राहिलं नाही सोडायचं."

गुरुजींना वाटलं, केवढी विरक्त बाई! तीर्थ दिलं आणि पुढच्याला बोलावलं.

प्रयाग झालं, अयोध्या झाली. सकाळी बस टपरीवर थांबायची. सगळे आपले फुर्रर्र करून चहा प्यायचे आणि भास्करराव मधोमध उभे राहून त्याग या विषयावर बोलायचे! "इच्छा मारली की मरते हो! मला बघा. आठवणसुद्धा येत नाही." लोकांना चहा कडू लागायला लागला. मनोरमाबाई आपला ग्लास घ्यायच्या आणि बसमध्ये मागं जाऊन एकट्या बसायच्या. नवऱ्याचं लक्ष होतं का? छे! एवढा मोठा त्याग केलेल्या माणसाला बायकोकडं बघायला सवड कुठली?

हरिद्वारला आले. शहरापासून थोडा बाजूला, गंगेच्या काठी आश्रम. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. आश्रमाच्या माताजी मूळच्या इंदूरच्या, मराठी छान बोलायच्या. चार दिवस मुक्काम होता. मनोरमाबाई आल्या दिवसापासून स्वयंपाकघरात भाज्या चिरायला बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी माताजींनी भास्कररावांना हाक मारली.

"वकीलसाहेब, ताई इथंच राहायचं म्हणतात. कायमचं. तुमची संमती आहे ना?"

मंडळी, वकील उठले ते तडक खोलीवर गेले.

"मनोरमा, हे काय ऐकतोय मी? काय कमी केलं तुला?"

"काही नाही."

"घर आहे, लेक आहे, सोन्यासारखी नातवंडं आहेत. आहेत की नाही?"

"आहेत."

"मी तुझ्यावर कधी हात उगारला?"

"नाही हो."

"मग कारण काय? कारण सांग! बिनकारणाचा दावा टिकत नाही."

बाईंनी दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हणजे कारण नाही! संपलं!" वकील दावा जिंकले. जिंकून खाटेवर बसले. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तरी मी राहते. तुम्ही उद्या सगळ्यांबरोबर निघा."

जिंकलेल्या माणसाचं एवढं वाईट झालेलं तुम्ही पाहिलंय का कधी? जेवण गेलं नाही. व्याही विचारतायत, "काय हो, तोंड का उतरलं?" सांगणार काय? बायको सोडून चालली आणि का चालली ते ठाऊक नाही!

उजाडताना जाग आली तर शेजारची खाट रिकामी. भास्करराव धावतच घाटावर गेले. बघतात तर मनोरमाबाई खालच्या पायरीवर बसल्यात, हातात चहाचा ग्लास, आणि कुणाशी तरी बोलतायत. समोर माणूस नाही. समोर गंगा!

"काल कुठवर आले होते गं मी? हां, माझ्या उजव्या डोळ्याचं. या डोळ्यानं तू मला अर्धीच दिसतेस बघ. मधोमध काळं काळं येतं. निघायच्या आधीपासून आहे. यांना सांगणार होते. म्हटलं, यात्रेत सकाळी चहाला निवांत बसू, तेव्हा सांगेन. पण काशीलाच ते संपलं. आता तूच ऐक बाई."

वकील मागं उभे. सगळं ऐकलं त्यांनी. पण सवय जाते का? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ओरडलेच, "डोळ्याचं मला का नाही सांगितलंस? केव्हापासून आहे? एवढी मोठी गोष्ट लपवलीस?"

मनोरमाबाईंनी वळून बघितलं. आणि मंडळी, त्या दिवशी ती गरीब बाई बोलली!

"केव्हा सांगायचं? दिवसभर तुम्ही बोलता. कोर्टातून आलात की बोलता, जेवताना बोलता, झोप लागेपर्यंत बोलता. सकाळी चहाचा घोट तोंडात असायचा, तेवढे गप्प असायचात. तेवढ्यात मी बोलून घ्यायची! सासूबाईंचं दुखणं तेवढ्यात सांगितलं. वृंदाचं लग्न तेवढ्यात ठरवलं. माझा सगळा संसार त्या एका कपात झालाय. चहा तुमचा होता, घाला गंगेत. पण ती वेळ माझी होती. मला विचारलंत?"

आहे उत्तर? कोणत्या कायद्यात आहे? चारचौघांत "वा" ऐकण्यासाठी या माणसानं सोडलं काय — तर बायकोचं बोलणं!

भास्कररावांनी हात पुढं केला. "आण तो ग्लास. पितो मी! आत्ता पितो! पाप लागलं तर लागू दे."

तिनं ग्लास मागं ओढला. "नको. गंगेच्या साक्षीनं सोडलंय. माझ्यापायी मोडलंत, हे मग मला जन्मभर ऐकवाल."

ऐकवलं असतं हो! तिला नवरा पाठ होता.

आता काय करायचं? चहा पिता येत नाही. गप्प बसता येत नाही. बायको तर चालली. भास्करराव तसेच दोन पायऱ्या उतरले. गंगेचं पाणी ओंजळीत घेतलं. तोंडात भरलं. गालफडं फुगली! तसेच वर आले, बायकोशेजारी पायरीवर बसले, आणि हातानं खूण केली — बोल.

पहाटेचं गंगेचं पाणी! दात ठणकायला लागले. पण म्हातारा गिळेना आणि थुंकेना. मनोरमाबाईंनी त्या फुगलेल्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना फस्सकन हसू आलं. हसता हसता रडू आलं. आणि रडता रडता त्या बोलायला लागल्या. डोळ्याचं बोलल्या, रात्री जिन्यावरून उतरायची भीती वाटते ते बोलल्या, वृंदाच्या घरचं बोलल्या, कधीकाळच्या अपमानाचं बोलल्या. नकळत पाणी गिळलं गेलं की हे खाली उतरायचे, पुन्हा तोंड भरायचे, पुन्हा येऊन बसायचे. यांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंडात पाणी, हुंदका देणार कसा? ऊन वर आलं तरी दोघं तिथंच होती.

माताजी आल्या. "ताई, मग कोणती खोली देऊ तुम्हाला?"

मनोरमाबाईंनी डोळे पुसले. "आधी डोळा दाखवून येते, माताजी. मग बघू."

वकिलांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं. बायकोकडं बघितलं. आणि मिटलं! मंडळी, माझं विचाराल तर त्या माणसाची यात्रा त्या क्षणी पुरी झाली. काशीतलं सगळं त्यापुढं कारलंच!

मिरजेला आल्या आल्या डोळा दाखवला. डावा चांगला राहिला. उजवा पुरता परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी यायला हवं होतं." भास्कररावांनी ते ऐकून घेतलं. वाद घातला नाही. पुढं रोज सकाळी ओसरीवर तिचा चहा आणि यांचं तांब्याभर पाणी. लोक हसायचे. हसोत.

आता तुमच्याकडं वळतो. इतका वेळ वकिलाला हसलात ना? आता सांभाळून बसा. सोमवारी मौन धरणारे — त्या दिवशी घरातली पोरं चवड्यांवर चालतात की नाही? कांदा-लसूण सोडलात — दोन स्वयंपाक कोण करतं? संसाराची आसक्ती सोडली म्हणून रोज इथं पुढच्या रांगेत बसता, आणि घरी म्हातारे वडील दाराकडं डोळे लावून बसलेत, त्यांचं काय सोडलंत तुम्ही? आणि मला म्हणाल तर, मीही रोज गावोगाव बोलतच हिंडतो. घरी जाऊन ऐकतो का, ते माझ्या घरी विचारा!

त्याग वाईट नाही हो. काशी खोटी नाही, गंगा खोटी नाही. जा. अवश्य जा. आता टाळ उचलू, नाव घेऊ, ज्यानं बोलायला एक जीभ दिली आणि ऐकायला दोन कान दिले त्याचं. पण त्याआधी एवढं घेऊन जा. उद्या घाटावर उभे राहाल, हातावर पाणी पडेल, गुरुजी विचारतील, "काय सोडता?" तेव्हा आधी मागं वळून बघा. मागं जे कोणी उभं असेल त्याला विचारा, "मी हे सोडलं तर तुझं काय जाईल?" आणि त्याचं उत्तर येईपर्यंत, मंडळी, हातातलं पाणी खाली सोडू नका.