कंदीलमाशांचं जाळं कापणारे कप्तान

आपल्या कंपनीचे सन्माननीय अध्यक्ष व्हिसरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती कप्तान कास्पर अपोलिस आणि लॅम्बर्ट्स बेच्या माझ्या भावाबहिणींनो,

मी माग्रिटा क्लूटे, कारखान्याच्या प्रयोगशाळेत मासे तपासते. कास्परदादांच्या निवृत्तीनिमित्त चार गोड शब्द बोल, असं साहेबांनी सांगितलं. बोलते. पण ज्याच्यापायी ही निवृत्ती आली, त्या माशाला वगळून कसं बोलू?

कंदीलमासा. बोटाएवढा, पोटावर दिव्यांची रांग. नामिबियापासून आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या केपला वळसा घालून पसरलेला. पार न्यूझीलंडकडेही सापडतो. दिवसभर खोल काळोखात राहतो, दिवेलागणीला बारीकसारीक जीव खायला वर येतो. आयुष्य जेमतेम तीन वर्षांचं. बिचारा कुणाचं काय वाकडं करणार? पण बोटीवरच्या मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर तो थेट आपण पकडतो त्या अँचोवी माशासारखा दिसतो. आणि जाळ्यात कोंडला की लगेच मरतो, मेला की बुडतो.

मार्चमध्ये दादांच्या बोटीवर तेच झालं. सांजेला पडद्यावर दाट डाग दिसला, अँचोवी समजून जाळं टाकलं. "अरे देवा, हे तर कंदीलवाले!" माझा नवरा गर्ट ओरडला म्हणे. तोवर मेलेल्या माशांचं अख्खं ओझं खाली निघालं होतं आणि बोट कलली होती. कंपनीचं जाळं कापणाऱ्या कप्तानाला पुन्हा बोट मिळत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तरी दादा ओरडले, "काप गर्ट, काप!" गर्टने कापलं. सुटलेल्या दोराने त्याला ओढून नेलं. बाकीचे सगळे घरी आले.

साहेब, तुम्हाला वाटलं असेल, ही विधवा दादांना शिव्याशाप देईल. का देऊ? जीव जळतो हो माझा, रोज जळतो. पण त्या बाकीच्यांच्या बायका इथेच बसल्यात, मांडीवर लेकरं घेऊन. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणू, की कापायला नको होतं?

निक्लास, ऊठ बाळा. दादांचा मुलगा तू, आणि उद्यापासून तीच बोट तुझ्या हाती. सगळ्यांदेखत सांग, पुन्हा असं जाळं भरलं तर कापशील ना?

का रे? अध्यक्षांकडे काय बघतोस?

असो. दुखऱ्या मनाने बोलले, कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. ऐकून घेतलंत, सर्वांची ऋणी आहे. आणि अध्यक्षमहाराज, पोरगं तुमच्या तोंडाकडे बघतंय. त्याची आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्याने कापायचं की नाही, काय ते तिला सांगा.