खोगिराशिवायचा फोटो

फेर्डन गावातल्या बेकरीत गेझिना पावासाठी रांगेत थांबली होती. पुढे इमके ही घोडेस्वार पोरगी आणि तिच्याकडे उतरलेल्या फोटोग्राफर बाई बोलत होत्या.

"केक माझ्याकडून, बाई. माझा घोडा, रूबिन, मासिकात येणार."

"मासिकात? बाबा म्हणाले?"

"हो. उद्या त्याची आयाळ गुंफते. मी पांढरी पाटलोण घालू ना?"

"तू फोटोत नाहीस, इमके. खोगीरही नको. त्याला नुसता कॅमेऱ्यासमोर आडवा उभा करायचाय, चारी पाय दिसतील असा."

"असा फोटो विकायच्या घोड्याचा काढतात."

गेझिनाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बाई?"

"लगाम तूच धर, असं बाबा म्हणालेत. दुसऱ्या कुणाजवळ तो शांत उभा राहत नाही."