प्रार्थनेच्या यादीत सातवा

नाही, पण मला एक सांगा, मी आजारी दिसतो का? नाही ना? तेच म्हणतोय मी दोन महिने, पण अमेरिकेतल्या आमच्या टेनेसीतल्या एवढ्याशा गावात ऐकतंय कोण... आणि सगळं त्या अकराव्या धड्यापायी!

तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवतोय. दहा धडे निभावतात हो. पेशी, पानं, बेडूक, कुणाची तक्रार नाही. अकरावा उत्क्रांतीचा. माणसाचे नि माकडाचे पूर्वज एकच असं शिकवलं की गाव धरतं, आणि देवानं सहा दिवसांत जग घडवलं असं शिकवलं की, सरकारी शाळेत धर्म नको म्हणून, कोर्ट धरतं! मधल्या मध्ये कोण? हा हार्लन प्रुइट! त्यात यंदा शाळा मंडळाचे अध्यक्ष स्टॅनफिलसाहेब. चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर. वळून म्हणतात कसे, "सर, दोन्ही बाजू शिकवा बरं का. एप्रिलमध्ये तुमच्या नोकरीवर मत घ्यायचंय, म्हणून आपली आठवण करून दिली." अन्न गोड लागेना मला! एकोणीस वर्षं एकच काम केलेला माणूस, मी जायचं कुठं?

बायकोला, लोरीनला, माझी काळजी. तिनं काय करावं? बुधवारच्या प्रार्थनेच्या यादीत माझं नाव घातलं! सातवा नंबर. आता यादीत नावापुढं कारण लागतं. कुणाचा मूतखडा, कुणाचा गुडघा. चर्चच्या यादीत बायको "उत्क्रांती" कशी लिहिणार? तर आमच्याकडे सोय आहे, कारण उघड करायचं नसलं की लिहायचं, "न सांगण्याजोगं". लिहिलं! आणि "न सांगण्याजोगं" वाचून आमचे लोक काय समजतात? आटोपलं याचं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात आमच्या चर्चमधली म्हातारी मिस ओपल, हातात परातभर कोंबडी-भात, वर चीज. "पोरा, किती दिवस म्हणालेत रे डॉक्टर?" म्हटलं, "मी ठणठणीत आहे." तर डोळे पुसत लोरीनला म्हणते, "बघ गं, किती सोसतोय, बोलतसुद्धा नाही." मग रांगच लागली! सहा कोंबडी-भात, चार केळ्याची पुडिंगं... आणि अकरावा धडा तसाच पुढ्यात!

शेवटी मार्चमधल्या एका सोमवारी उघडला. दरवर्षी एक तरी हात वर येतो, "सर, माझे बाबा म्हणतात हे खोटंय." यंदा? एक नाही! पुढच्या बाकावरची पोरगी हळूच उठली, मला वारा लागू नये म्हणून खिडकी लावून आली. सगळा धडा शिकवला हो, पहिल्या पेशीपासून माणसापर्यंत! लाज वाटत होती, पण शिकवला.

तास संपतो तर दारात स्टॅनफिलसाहेब. टोपी हातात. म्हटलं, भरला घडा! तर माझा हात धरून म्हणतात, "शिकवा सर, मनात असेल ते शिकवा. थोड्या दिवसांत खरं काय ते देवालाच विचाराल." आणि एप्रिलमध्ये मंडळानं एकमतानं नोकरी वाढवली, वर्षभर! म्हणे, एवढं तर द्यायलाच हवं माणसाला.

आता तुम्हीच सांगा, बरा कसा होऊ? बरा झालो की नोकरी गेली! आणि पुढच्या मार्चला परत अकरावा धडा! बरं, आजारी दिसावं तर घरात रोज कोंबडी-भात. पट्टा पुरेना, दोन नवी भोकं पाडली. परवा मिस ओपलनं माझ्या पोटाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, कळलं हिला.

"अगं बाई," म्हणाली, "सूजही आली."

मी खोकलो.