मागच्या सीटवरची गिटार

मिरजेच्या सतारमेकर चाचांकडं बनुबाईंचा तंबोरा काही तयार नव्हता, म्हणून त्या बाकावर टेकल्या. तेवढ्यात दारात फटफटी लावून एक गडी आपली गिटार न्यायला आला.

“तडा बुजवलाय, तारा नव्या घातल्यात. वाजवून बघा, पाव्हणं.”

“मला येत न्हाई, चाचा.”

“मग दर साली दुरुस्तीला आणताय कुणासाठी?”

“सिद्धूची हाय. फटफटी बी त्येचीच. लय याड दोन्हीचं. त्यो चालवायचा, मी मागं गिटार धरून बसायचो.”

“आता कुठं असतोय?”

“एकाहत्तरच्या लढाईत गेला. चार वर्सं झाली. गाडी शिकलो मी. ह्ये काय जमलं न्हाई.”

बनुबाई मांडीवरची तंबोऱ्याची रिकामी खोळ उगाच सारखी करत राहिल्या.

“गेल्या साली खोळ शिवून दिली होती. ती का घालत न्हाई? उघडी बांधून आणताय, धक्क्यानं तडा जाणारच की,” चाचा म्हणाले.

“खोळ घातली की वाजत न्हाई.”

“म्हंजे?”

“गाडीच्या धक्क्यानं तारा जरा जरा वाजत्यात मागं. घरी शिराळ्यापतुर सोबत मिळती.”

चाचांनी हात पुढं केला.

“आणा हिकडं. तारा थोड्या सैल करून देतो. जास्त वाजतील.”